ऊ कानात शिरते का?

गणपती होऊन महिना झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास वाढतो, तो म्हणजे उवा. यात नवल काही नाही. मुंबईहून चाकरमानी कोकणात येतात, एकेका घरात पंधरा-वीस माणसं होतात आणि माजघरात सतरंज्या टाकून सगळी भावंडं डोक्याला डोकं लावून झोपतात. विसर्जन होतं, गाड्या भरून परत जातात आणि इकडे-तिकडे दोन्हीकडची डोकी खाजायला लागतात. ज्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच उवा झाल्या, त्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. ही खाज उवेच्या लाळेची असते आणि शरीराला त्या लाळेची ओळख व्हायला तेवढा वेळ जातो. म्हणून गणपतीतल्या उवांची पत्रं दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. उवा खरं तर माझ्या शाखेत येत नाहीत. पण या वेळच्या बहुतेक पत्रांत उवांबरोबर कानाचा प्रश्न आहे आणि त्यातली दोन-तीन पत्रं वाचून मला मनापासून काळजी वाटली. म्हणून हे सदर यंदा त्यांच्यासाठीच ठेवलं आहे.

“माझी मुलगी आठ वर्षांची आहे. डोक्यात खूप उवा झाल्यात. चार दिवसांपासून उजव्या कानात वळवळतं म्हणते. सासूबाई म्हणतात, ऊ कानातून मेंदूत जाते. मी रोज रात्री कानात खोबरेल घालून कापसाचा बोळा लावते. ऊ कानात जाऊन लिखा घालत असेल का?”
— एक आई, लांजा

ताई, आधी नक्की उत्तर देते. डोक्यातली ऊ कानात घर करत नाही, तिथे लिखा घालत नाही, आणि कानातून मेंदूत जाण्याची वाटच नसते.

याचं कारण उवेच्या पायात आहे. पूर्ण वाढलेली ऊ दोन ते तीन मिलिमीटरची, साधारण तिळाएवढी. तिला सहा पाय आणि प्रत्येक पायाला एक आकडी. ही आकडी केसाच्या जाडीला बेतलेली असते. केसाला धरून ती झरझर चालते. गुळगुळीत जागेवर मात्र तिला धड चालता येत नाही. तिला उडी मारता येत नाही आणि पंख तर नाहीतच. लीख ती केसालाच चिकटवते, तीही मुळाशी, कारण अंडं उबायला डोक्याच्या कातडीची ऊब लागते. दिवसाला सहा ते आठ लिखा, सात ते दहा दिवसांत त्यातून पिल्लं, आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत ती पिल्लं लिखा घालण्याच्या वयाची. या सगळ्याला दाट केस आणि दिवसातून अनेकदा रक्त मिळणारी जागा हवी. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते.

आता कान पाहू. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरच्या एक तृतीयांश भागात बारीक लव असते आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतल्या दोन तृतीयांश भागात हाडावर ताणून बसवलेली पातळ कातडी असते, तिथे एकही केस नाही. नळीच्या टोकाला पडदा असतो आणि तिथे वाट संपते. उवेनं लीख चिकटवायची कशाला? चुकून एखादी कानाच्या भोकाशी पोचली, तरी तिला तिथे राहण्यासारखं काहीच मिळत नाही.

मग सगळे लोक उवांचा संबंध कानाशी का जोडतात? कारण कानामागचा भाग आणि मानेचा वरचा भाग या उवांच्या सगळ्यात आवडत्या जागा आहेत. कोणत्याही घरात आजी नातीच्या डोक्यातल्या उवा बघायला बसली की पहिली बोटं कानामागेच जातात. ते अगदी बरोबर आहे, आम्हीही तिथेच पहिल्यांदा बघतो. खाज कानामागे, ओरखडे कानामागे, तेव्हा आठ वर्षांच्या मुलीला “कानात काहीतरी आहे” असंच वाटणार. शिवाय कानाच्या पाळीवरून एखादी ऊ चालत गेली तर ती जाणवते. ती पाळीवर आहे की नळीत, हे लहान मुलाला सांगता येत नाही.

पण तुमच्या मुलीला फक्त उजव्या कानात आणि चार दिवस सतत वळवळतंय, हे मात्र मी उवांच्या नावावर टाकून सोडून देणार नाही. आपल्याकडे याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे कानातली बुरशी. कोकणचा पावसाळा, हवेतला दमटपणा, घाटाच्या खालची उष्णता, त्यात कानात रोजचं तेल आणि वरून कापसाचा बोळा. बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. ओल्या वर्तमानपत्रासारखा मऊ पांढरा लगदा आणि त्यावर काळे ठिपके, असं दृश्य मी पावसाळ्यात आणि त्यानंतर जवळजवळ रोज दुर्बिणीतून बघते. या बुरशीची खाज खोल असते, बोटाला न सापडणारी. तिला माणसं “वळवळ” म्हणतात, “किडा फिरतोय” म्हणतात. ही बुरशी तेलानं वाढते.

म्हणून आजपासून कानातलं तेल बंद आणि बोळाही बंद. अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नका आणि मुलीला जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दाखवा. सक्शननं कान साफ करून बुरशीचं औषध घातलं की दोन-तीन आठवड्यांत आराम पडतो. डोक्याचा उपाय वेगळा करायचा आहे, तो पुढे सांगते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती निराधार नाही. कानात अळ्या होतात आणि त्या मीच काढलेल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यात ‘कृमिकर्ण’ हा स्वतंत्र रोग आहे. पण त्या अळ्या माशीच्या. ज्याचा कान बरेच दिवस फुटून वाहतो आहे, ज्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी नाही, अशा मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या कानात माशी अंडी घालते. कानातून घाण वास, रक्ताळलेला स्राव आणि असह्य ठणका, असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. उवांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

“मुलाच्या दोन्ही कानांमागे वाटाण्याएवढ्या गाठी आल्या आहेत. मानेवरही एक आहे. डोक्यात उवा होत्या, खाजवून खाजवून खपल्या धरल्यात. शेजारच्या काकूंनी टीबी असेल म्हणून सांगितलं. तीन रात्री झोप नाही.”
— संगमेश्वर तालुका

झोपा आज शांत. तुम्ही लिहिलंय त्यावरून या गाठी बहुधा डोक्याच्या कातडीवर पहारा ठेवणाऱ्याच आहेत. डोक्याच्या कातडीतून येणारा लसिकेचा प्रवाह ज्या गाठींत गाळला जातो, त्या कानामागे आणि मानेच्या वरच्या भागात असतात. खाजवताना नखं लागतात, जखमेत जंतू शिरतात, खपल्या धरतात, पू होतो आणि या गाठी कामाला लागून फुगतात. अशी गाठ वाटाण्याएवढी किंवा पावट्याएवढी असते, बोटाखाली सरकते आणि दाबली तर थोडी दुखते. उवा गेल्या, जखमा भरल्या की दोन ते चार आठवड्यांत ती बारीक होते. खपल्यांतून पिवळा स्राव येत असेल तर मात्र नुसतं तेल लावून भागणार नाही. डॉक्टरांकडून प्रतिजैविक घ्यावं लागेल आणि दिलेले सगळे दिवस पुरं करावं लागेल. डोक्यावरच्या अशा पुवाळलेल्या जखमांनंतर काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. दोन-तीन आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजलेला दिसला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच दाखवा.

गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, कडक आणि खाली चिकटलेली असेल, सहा आठवड्यांत कमी झाली नसेल, बरोबर बारीक ताप असेल आणि वजन उतरत असेल, तर टीबीची तपासणी करून घ्यायचीच.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईनं लक्षात ठेवावी. कानाच्या अगदी पाठीमागच्या हाडावर लाल, गरम सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, ताप भरला, किंवा त्याआधी कान दुखून वाहत होता, तर ती उवांची गाठ नव्हे. कानाच्या मागच्या हाडात पू झालेला असतो. तिथे एका रात्रीचाही उशीर चालत नाही.

“आंब्याच्या फवारणीचं औषध थोडं शिल्लक आहे. उवांच्या लोशनमध्ये हेच असतं असं एकानं सांगितलं. पाण्यात पातळ करून मुलींच्या डोक्याला लावलं तर चालेल का? कानात जाऊ नये म्हणून कापूस लावू.”
— एक बागायतदार, पावस

नाही. बाटली लगेच कुलूपबंद ठेवा. आणि विचारलंत हे फार बरं केलंत, कारण न विचारता लावणारे असतात.

तुम्हाला सांगणाऱ्याच्या बोलण्यात एक धागा खरा आहे, म्हणूनच ते बोलणं धोक्याचं आहे. उवांवर आपण वापरतो ते पर्मेथ्रीन आणि मोहरावरच्या तुडतुड्यांसाठी आपण मारतो ती डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही औषधं एकाच रासायनिक कुळातली आहेत. पण डोक्याला लावायचं लोशन फक्त १ टक्का पर्मेथ्रीनचं असतं, माणसाच्या कातडीसाठी बनवलेलं आणि तपासलेलं. बागेत येणारं सायपरमेथ्रीन बऱ्याचदा २५ टक्के तीव्रतेचं असतं आणि ते ज्या द्रावकात मुरवलेलं असतं, तो द्रावक कातडीतून आत घुसायला मदत करतो, डोळे जाळतो आणि फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया करतो. त्यातही बागेतल्या बाटलीत नक्की काय आहे, याची खात्री शेवटी कुणाला असते? लेबल गेलेलं असतं, एका बाटलीतलं दुसरीत ओतलेलं असतं, पंपात आधीच्या फवारणीचं उरलेलं असतं. त्यात फॉस्फरसयुक्त कीटकनाशक असलं तर लहान मुलीच्या डोक्याच्या कातडीतून, खाजवलेल्या जखमांतून, ते थेट रक्तात उतरतं. मग तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास अडकतो. पाण्यात किती पातळ केलं तर चालेल, असा हिशेब इथे मांडूच नये.

ज्यांनी हे वाचायच्या आधीच लावलं असेल, त्यांनी डोकं साबणानं दोन-तीनदा भरपूर पाण्यानं धुवावं, अंगावरचे कपडे काढून बाजूला टाकावेत, धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकची पिशवी घालावी आणि १०८ ला फोन करावा. बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना नाव कळेल.

याच निमित्तानं बाकीच्या घरगुती उपायांचंही सांगते, कारण ते सगळे शेवटी कानात किंवा डोळ्यात उतरतात. रॉकेल लावू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक सहा वर्षांची मुलगी आली होती. घरच्यांनी डोक्याला रॉकेल लावलं आणि “एखादी आत गेली असेल तर मरेल” म्हणून दोन थेंब कानात सोडले. कानाच्या नळीची कातडी पोळून सोलली होती, आणि भरून येता येता नळी अरुंद झाली. त्या मुलीच्या कानात ऊ कधीच गेली नव्हती. शिवाय रॉकेल लावलेलं डोकं चुलीजवळ नेलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं आहे. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते आणि ती जखम अतिशय वेदनादायक असते. डोकं धुताना ती डोळ्यात जातेच. खोबरेलात कापूर घालून लावणं आपल्याकडे घरोघरी चालतं. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांच्या बाबतीत ते नको, कारण कातडीतून किंवा तोंडातून गेलेल्या कापरानं मुलांना झटके येतात. मुंग्या-झुरळांसाठीचा खडू डोक्यावर घासणं हेही विषच आहे. नुसतं खोबरेल मात्र खुशाल वापरा. त्यानं सगळ्या उवा मरत नाहीत, पण त्यांची चाल मंदावते आणि फणी नीट फिरते.

आणि फणीच खरी. भिजवलेल्या किंवा तेल लावलेल्या केसांतून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची. सुरुवात कानामागून आणि मानेपासून करायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची, म्हणजे काय निघालं ते दिसतं. दर तीन-चार दिवसांनी, सलग दोन आठवडे. मध्ये थांबलात तर राहिलेल्या लिखांतून पुन्हा सगळं सुरू होतं. त्याच्या जोडीला हवं असेल तर औषधाच्या दुकानातलं १ टक्का पर्मेथ्रीनचं लोशन आणा. धुऊन टॉवेलनं टिपलेल्या केसांना लावा, १० मिनिटांनी धुऊन टाका, आणि नवव्या दिवशी पुन्हा एकदा करा, कारण लिखांतून नंतर निघालेली पिल्लं त्या दुसऱ्या वेळी मरतात. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे लावायचं नाही. लोशन लावताना आणि धुताना मुलीला डोळे घट्ट मिटायला सांगा. कानाच्या तोंडाशी कापूस नुसता टेकवा, आत खुपसू नका आणि डोकं धुऊन झालं की काढून टाका. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा. ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा असतील, त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. दोनदा करूनही जिवंत उवा चालताना दिसल्या तर तिसऱ्यांदा तेच लोशन लावू नका. तुमच्या भागातल्या उवा त्या औषधाला जुमानत नसतील. डॉक्टर आयव्हरमेक्टिनसारखं दुसरं औषध वजन बघून देतील. तेही १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला पोटातून देत नाहीत.

लिखांवरून घाबरू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळापासून दोन सेंटिमीटर लांब दिसणारी पांढरी लीख दोन महिन्यांपूर्वीची, म्हणजे नुसतं टरफल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबी मोजण्याच्या कोष्टकात आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचं एक यवमध्य आणि आठ यवांचं एक अंगुळ असं माप आहे. आपले ‘लीख’ आणि ‘ऊ’ हे शब्द त्याच लिक्षा-यूकांचे. इतक्या जुन्या काळापासून हे जीव माणसाच्या इतक्या जवळ आहेत की त्यांच्यावरून माप ठरलं. तुमच्या घरी त्या आल्या म्हणजे काही वेगळं घडलेलं नाही.

“मी ७४ वर्षांचा. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्र लावतो. नातीच्या डोक्यात उवा आहेत, ती माझ्याजवळ झोपते. यंत्रात उवा राहतील का? यंत्र औषधानं धुवू का?”
— चिपळूण

काका, यंत्रात उवा राहू शकत नाहीत आणि यंत्र कशानंही धुवायचं नाही. लोशनचा एक थेंब मायक्रोफोनच्या भोकात गेला तर यंत्र बिघडेल. डोक्याला औषध लावायच्या आधी यंत्र काढून कोरड्या डबीत ठेवा, केस पूर्ण वाळल्यावर लावा. यंत्राचा कानात बसणारा साचा रोज कोरड्या मऊ फडक्यानं पुसत असालच. नातीला जवळ झोपवायचं थांबवू नका, फक्त आठ-दहा दिवस उशी वेगळी ठेवा आणि तिच्याबरोबर तुमचंही डोकं कुणाकडून तरी बघून घ्या.

“सहा महिन्यांची गरोदर आहे. उवा झाल्यात. औषध लावलं तर बाळाला काही होईल का?”
— दापोली

सुरुवात फणीनं करा, अनेकदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर पर्मेथ्रीनचं लोशन गरोदरपणात वापरता येतं, पण ज्या डॉक्टर तुमची तपासणी करतात त्यांना विचारून. पोटातून घ्यायचं आयव्हरमेक्टिन मात्र आता नको.

“काजूच्या बागेत साफसफाई करून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून कान विलक्षण दुखतो. आत काहीतरी घट्ट चिकटल्यासारखं आहे. बायको म्हणते मुलांच्या उवा तुमच्या कानात गेल्या.”
— राजापूर

तुमच्या पत्रातलं ‘घट्ट चिकटल्यासारखं’ हे वाचून माझ्या मनात दुसराच प्राणी आला, गोचीड. ऊ कानात राहत नाही, पण गोचीड राहते. तिला केस लागत नाहीत. ती तोंड कातडीत रुतवते, दिवसचे दिवस रक्त पीत फुगत जाते. गुरांच्या गोठ्यात, कुत्र्याजवळ, पालापाचोळ्यात काम करणाऱ्यांच्या कानात आम्हाला ती सापडते. कान भयंकर दुखतो, कधी रक्त येतं आणि क्वचित त्या बाजूचा चेहरा वाकडा होतो, कारण चेहऱ्याची नस कानाच्या हाडातूनच जाते.

घरी चिमट्यानं ओढू नका. धड तुटून येतं आणि तोंड आतच राहतं, नाहीतर पडद्याला इजा होते. काडेपेटी, उदबत्ती, तंबाखूचं पाणी यातलं काहीही करू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कान बधिर करून दुर्बिणीखाली गोचीड काढणं हे काही मिनिटांचं काम आहे. राजापूरहून रत्नागिरीला माझ्याकडे यायला जमत नसेल तर आधी जवळच्या रुग्णालयात दाखवा.

गोचीड चावल्यानंतरच्या दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडीतूनच पसरतो आणि गेल्या दशकात तो सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागापर्यंत पोचला आहे. काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, डोक्याला कान झाकतील असा रुमाल बांधा आणि घरी आल्याबरोबर गरम पाण्यानं अंघोळ करून कानामागे, काखेत, जांघेत नीट बघा.

रात्री झोपेत मुंगी, पतंग किंवा झुरळ कानात जातं तेव्हा काय करायचं, हे आणखी दोघांनी विचारलं आहे. जिवंत किडा आत फडफडत असेल आणि कान पूर्वी कधी फुटलेला नसेल, पडद्याला भोक नसेल, तर कान वर करून कोमट खोबरेलाचे चार-पाच थेंब घाला. किडा गुदमरून थांबतो, यातना थांबतात. मग सकाळी येऊन काढून घ्या. कानात तेल घालण्याची मी परवानगी देते ती एवढ्याच एका प्रसंगी. दाणा, डाळ, चिंचोका असलं काही गेलं असेल तर तेल किंवा पाणी काहीच घालू नका. ते फुगून बसतं. सेफ्टी पिन आणि केसांचा आकडा या दोन गोष्टींनी जेवढे पडदे फाटलेले मी पाहिलेत, तेवढे किड्यांनी फाटलेले पाहिले नाहीत.

“मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तिसरीतल्या एका मुलीच्या डोक्यात खूप उवा आहेत, कानामागे जखमा आहेत. इतर पालक म्हणतात तिला घरी बसवा, नाहीतर तिचं डोकं भादरायला सांगा. तिची आई कामाला जाते, घरी आजी आहे, तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मुलगी हल्ली मागे एकटीच बसते. मी काय करू?”
— मंडणगड तालुका

बाई, तिला घरी बसवू नका आणि तिचे केस काढायला सांगू नका. उवांमुळे मुलाला शाळेबाहेर ठेवायचं कारण नाही, असंच जगभरचे बालरोगतज्ज्ञ आज सांगतात. तुम्हाला दिसल्या त्या दिवसाच्या आधी महिनाभर तरी त्या तिच्या डोक्यात होत्या आणि वर्गात त्या पसरायच्या तेवढ्या पसरल्याच आहेत. तिच्या एकटीच्या घरी बसण्यानं कुणाचं डोकं साफ होणार नाही. उवा अस्वच्छतेनं होत नाहीत. रोज केस धुणाऱ्या मुलीलाही होतात, कारण त्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर चालत जातात, एवढंच. डोक्याचा मुंडण केलेला गोटा घेऊन वर्गात बसायची आठवण त्या मुलीच्या मनात उवांपेक्षा कितीतरी जास्त दिवस राहील.

वर्गातल्या सगळ्या मुलामुलींची डोकी एकाच आठवड्यात बघितली जातील असं करा, म्हणजे ती एकटी राहणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांना आधी कळवलंत तर औषधासह येतील. तोवर तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चिठ्ठी देऊन तिच्या कानामागच्या जखमा दाखवून घ्या. मुलींना पंधरा दिवस घट्ट दोन वेण्या घालून यायला सांगा. मोकळे केस एकमेकींना लागतात, वेण्या तेवढ्या लागत नाहीत. फणी, रुमाल, हेअरबँड एकमेकींचे वापरू नका, असं सगळ्यांनाच सांगा, तिच्याकडे न बघता.

आणि आजीला दिसत नाही, आई संध्याकाळी दमून येते, तर फणी कोण फिरवणार, हा खरा प्रश्न आहे. गावात अंगणवाडीच्या ताई असतील, आशाताई असतील, शेजारची एखादी बाई असेल. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे दोन आठवडे. पडवीत उजेडाला बसवून, कानामागून सुरुवात करून कुणीतरी तिचे केस विंचरून द्यायला हवेत. ते कोण करेल, हे उद्याच ठरवा, आणि तिला उद्याच पुढच्या बाकावर बसवा.